दस्त आमचे, दप्तर आपले : नोंदणी महानिरीक्षकांस खुले पत्र

मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे, यांचे सेवेशी,



एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्या खात्याचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता अमलात येतो, आणि ज्या वर्षी त्यातील आकडे चढतात त्या वर्षी आमच्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबांत, ज्यांना त्या दिवशी काही विकावयाचे नसते आणि काही घ्यावयाचेही नसते, एक निष्कारण समाधान पसरते. हा तक्ता म्हणजे मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी केलेली शासकीय तजवीज आहे, अमुक घर अमुक किमतीस विकले जाईल अशी हमी त्यात कोणी दिलेली नाही, हे आपण जाणता आणि दस्तलेखकही जाणतात. परंतु ज्या गृहस्थास आपल्या आयुष्यभराच्या बचतीचे मोल ठरविण्यास दुसरे कोणतेच साधन उपलब्ध नाही, तो मिळेल त्या आकड्यास प्रमाण मानतो, आणि तो आकडा सरकारी सहीशिक्क्याचा असला म्हणजे त्याविषयी शंका घेण्याचेही त्यास सुचत नाही.

उमेदीची वर्षे एका बँकेच्या गृहकर्ज विभागात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही नातलग आणि स्नेही माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: दुसरे घर कोठे घ्यावे? कोणाच्या मनात ठाण्याची सदनिका असते, कोणाच्या वाघोलीची, कोणाच्या नागपूरच्या वर्धा रस्त्यावरील भूखंड, आणि अलीकडे तर दापोलीचे किंवा गोव्याच्या बार्देशातले घरही असते. गावे निराळी असली तरी विचारणाऱ्याच्या हातातली मोजपट्टी मात्र ठरलेली: चौरस फुटास आज भाव काय, आणि पाच वर्षांनी तो किती होईल? या मोजपट्टीने महाराष्ट्रातील कोणत्याही दोन गावांची तुलना होऊ शकत नाही, प्रत्येक बाजारास विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्या सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्या दप्तरात बंदिस्त पडून आहेत, असे माझे म्हणणे आहे. हे पत्र गृहनिर्माण मंत्र्यांस अथवा स्थावर संपदा प्राधिकरणास न लिहिता आपणांस लिहिण्याचे कारण तेच.

घराकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्या समाजातून कशी गेली, याचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण आजच्या अविचाराचे मूळ त्यात आहे. एके काळी मुंबईत चाळ बांधणारा धनिक भाड्याच्या आशेने बांधीत असे. पैशावर शेकडा किती सुटेल, याचा हिशेब करूनच तो पाया खणी. महायुद्धाच्या काळातील टंचाईमुळे भाड्यांवर निर्बंध आले, १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी चालू असलेले भाडे हेच बहुतेक जागांचे प्रमाणभाडे ठरविले, आणि एका तात्पुरत्या संकटावरचा तो उपाय पुढे अर्धशतक टिकला. भाडेकरूस बेघर होऊ न देण्याचा कायद्याचा हेतू स्तुत्य होता, याविषयी वाद नाही. पण ज्या भाड्यातून घरपट्टीही निघेना त्या इमारतीची डागडुजी मालक करीना, भाड्यासाठी नवी इमारत कोणी उभारीना, पागडीचा व्यवहार रूढ झाला, आणि शेवटी मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसविण्याची पाळी शासनावर आली. दरम्यान बांधकाम करणारांनी भाड्याचा मार्ग सोडून मालकी हक्काच्या सदनिकांचा मार्ग धरला व १९६३ चा मालकी सदनिका कायदा त्यांच्यासाठीच करावा लागला. गोठविलेली भाडी कालबाह्य व अवाजवी झाली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले, आणि ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा आला. तोपर्यंत ‘भाडे म्हणजे कटकट, भाव म्हणजे मिळकत’ हे समीकरण तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते.

त्या समीकरणाची परीक्षा एका उदाहरणाने करू. पुण्याच्या पश्चिमेकडील एखाद्या उपनगरात एक कोटी रुपयांची तयार सदनिका घेतली आणि तिला दरमहा २८,००० रुपये भाडे मिळाले, असे समजू. वर्षाचे ३,३६,००० रुपये झाले, म्हणजे शेकडा ३.३६, येथवरचा हिशेब दलालही करून देतो. पुढचा कोणी करीत नाही. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा एक महिना रिकामा गेला की २८,००० कमी झाले, सोसायटीचे देखभाल शुल्क महिन्यास ४,००० धरल्यास वर्षाचे ४८,००० गेले, मालमत्ता करापोटी १८,०००, कारण स्वतः राहणाऱ्या मालकास पुणे महानगरपालिका देते ती ४० टक्क्यांची सवलत घर भाड्याने दिल्यावर उरत नाही, दलालीचे १४,०००, रंगसफेदी, नळ आणि विजेची किरकोळ कामे यांचे १८,०००. उरले २,१०,०००. आता भांडवलाची बाजू पाहावी. एक कोटीवर मुद्रांक शुल्क व अधिभार मिळून सात टक्के, अधिक ३०,००० नोंदणी शुल्क, म्हणजे गुंतलेली रक्कम १,०७,३०,०००; आणि घर बांधकामाधीन असताना घेतले असते तर वस्तू व सेवा कराचे पाच टक्के आणखी. निव्वळ उत्पन्न शेकडा दोनलाही पोहोचत नाही, आणि त्यावरचा आयकर अजून द्यावयाचा आहे. गृहकर्जाचे व्याज याच्या तिपटीहून अधिक आहे, हे ज्यास ठाऊक आहे त्याने कर्ज काढून दुसरे घर घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन निदान एक संध्याकाळ बसावयास हवे.

यावर ठरलेले उत्तर असे, की भाड्यासाठी कोण घेतो, आमचे घर चौदा वर्षांत दुप्पट झाले! दुप्पट या शब्दाची आपल्याकडे मोठी भुरळ आहे. चौदा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षास शेकडा पाच. २०१० ते २०२४ या चौदा वर्षांत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर ७.१ टक्क्यांखाली कधी गेला नाही, आणि त्या व्याजावर करही नव्हता. भाड्याचे दोन टक्के मिळविले म्हणजे घर कसेबसे त्या निधीच्या सर्वांत खालच्या दराजवळ येते, मात्र मुद्रांक शुल्क, विक्रीची दलाली आणि नफ्यावरचा कर जमेस न धरल्यासच. हा करही आता वेगळ्या रीतीने आकारला जातो: २३ जुलै २०२४ पासून पुढे घेतलेले घर दोन वर्षे बाळगून विकल्यास महागाईपोटी वजावट न मिळता नफ्यावर साडेबारा टक्के द्यावे लागतात, म्हणजे जी वाढ केवळ रुपयाच्या घसरणीने झाली तिच्यावरही कर भरावा लागतो.

घर घेऊच नये, असा माझा अर्थ नाही. राहावयाचे घर ही निराळी गोष्ट आहे. त्याचे मोल छपराखालच्या निश्चिंततेत असते आणि ते टक्केवारीत मांडण्याचा अरसिकपणा मी करणार नाही. प्रश्न दुसऱ्या घराचा आहे.

मुंबईत विचारावयाचा प्रश्न जमिनीचा आहे. समुद्राने तीन बाजूंनी बांधलेल्या त्या नगरीत जुन्या सदनिकेची किंमत तिच्या भिंतींत नसते, इमारतीखालच्या भूखंडाच्या हिश्श्यात आणि त्यावर मिळू शकणाऱ्या चटईक्षेत्रात असते. म्हणूनच पन्नास वर्षांच्या गळक्या इमारतीतील दोन खोल्यांना पुनर्विकासाच्या आशेवर नव्या घराच्या जवळपासचा भाव येतो. पण ती आशा कितपत साधार आहे हे समजण्यास संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे; विकासक वर्षानुवर्षे ते करून देत नाहीत, एवढ्याकरिताच मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात करावी लागली. मालमत्तापत्रकावर संस्थेचे नाव नसलेल्या इमारतीत ‘पुनर्विकास लवकरच’ या शब्दांवर लाखो रुपये मोजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांनी भाजी घेताना यापेक्षा अधिक चौकशी केली असती, अशी माझी खात्री आहे. शिवाय मुंबईचा भाव सतत चढतोच, ही समजूतही तपासून घ्यावी. २०१४ पासूनच्या पाच-सहा वर्षांत तेथील अनेक भागांत भाव जागचा हलला नव्हता, आणि २०२० च्या सप्टेंबरात शासनाने मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी पाचावरून दोन टक्क्यांवर आणले तेव्हा कोठे बाजारास हालचाल आली.

पुण्याची गोष्ट नेमकी उलट. येथे समुद्र नाही, आणि डोंगरांनाही विकासकांनी फारसे जुमानले आहे असे दिसत नाही. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, तिच्या बाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे विस्तीर्ण क्षेत्र आहे, आणि जमिनीचा पुरवठा असा वाहता असल्यामुळे येथील गुंतवणूकदाराने विचारावयाचा प्रश्न हा, की दहा वर्षांनी माझे घर विकावयास निघेल तेव्हा समोरच्या शेतात उभ्या राहिलेल्या नव्या मनोऱ्याशी ते टक्कर कशी देईल? त्या मनोऱ्यात पोहण्याचा तलाव असेल, व्यायामशाळा असेल, आणि बँक नव्या घरास अधिक मुदतीचे कर्ज देईल. पाण्याचा प्रश्न तर विचारलाच पाहिजे. वाघोलीसारख्या भागांत सोसायट्या टँकरवर अवलंबून राहिल्या आहेत. त्याचा खर्च देखभाल शुल्कात मिसळून मालकाच्या माथी येतो, आणि जाहिरातीतल्या चित्रात टँकर कधी दिसत नाही. भाडेकरू एकाच व्यवसायाचे असणे हाही पुण्याचा धोका आहे: २०२० मध्ये संगणक कंपन्यांनी घरून काम करण्यास सांगताच हिंजवडी-वाकडच्या सदनिका एकामागून एक रिकाम्या झाल्या होत्या. पुढे भाडी पुन्हा चढली, ही गोष्ट खरी. पण मधल्या काळात हप्ते थांबले नव्हते.

नागपूरच्या भूखंडाविषयी थोडक्यात लिहितो. मिहान प्रकल्पाच्या घोषणेनंतर वर्धा रस्त्याच्या दुतर्फा जे भूखंड विकले गेले त्यांवर भाडे शून्य, कुंपण स्वतःचे आणि अतिक्रमणावर नजर ठेवण्याचे ओझेही स्वतःचे. येथे एकच प्रश्न, अभिन्यास मंजूर आहे काय आणि जमीन रीतसर अकृषिक झाली आहे काय. राज्यास २००१ साली गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा करावा लागला, यावरून हा प्रश्न किती जणांनी विचारला नव्हता याचा अंदाज येतो.

कोकण आणि गोवा येथे मात्र चौरस फुटाचा भाव हा शब्दच निरर्थक ठरतो. शेतजमीन शेतकरी नसलेल्यास सहसा घेता येत नाही, हा १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचा निर्बंध; सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांची ओळ, त्यांतले निम्मे मुंबईत आणि काही दिवंगत; इतर अधिकारांच्या रकान्यात एखादे कूळ; आणि या सर्वांच्या संमतीवाचून झालेले साठेखत म्हणजे दिवाणी न्यायालयाची पायरी. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक असते, त्यामुळे विक्रेत्याच्या सहीबरोबर जोडीदाराची सही हवी, आणि वारसांमध्ये वाटणीची रीतसर कार्यवाही झाली आहे किंवा कसे हेही पाहावयास हवे. एखादी जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, निघाली तर हे सर्व व्यर्थ. घर निर्वेधपणे हाती आले तरी चार महिन्यांचा पाऊस, वाळवी, राखणदाराचा पगार आणि वर्षातील अकरा महिने बंद दार हा खर्च चालूच असतो. पर्यटकांस ते भाड्याने द्यावयाचे तर गोव्यात पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. विकावयाची वेळ आली तर असे घर पाहण्यास वर्षभरात चार माणसे येतील आणि चौघेही मे महिन्यात येतील. भाव आहे पण गिऱ्हाईक नाही, या अवस्थेस बाजार म्हणत नाहीत.

एवढ्या विवेचनानंतर आपल्या दप्तराकडे येतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे खरेदीखतांची सूची क्रमांक दोन कोणाही इसमास पाहता येते, आणि आपल्या खात्याने ती संगणकावर विनामूल्य खुली केली, याबद्दल आपले आभार मानणे अगत्याचे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने भाडेकरार व लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदविणे सक्तीचे केले, तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि कसुरीस तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा ठेविली. त्या करारावरील शुल्क भाडे व अनामत यांच्या हिशेबाने आकारले जाते. अर्थात गल्लोगल्लीचे भाडे, अनामत आणि मुदत यांची नोंद, तीही बहुतांशी संगणकीय स्वरूपात, आपल्यापाशी आधीच आहे. जे माहितीचे भांडार उभारण्यास दुसऱ्या कोणास अनेक वर्षे लागली असती, ते कायद्याने आपल्या पदरात आपोआप जमा होत आहे.

पण ती नोंद एकेका दस्ताच्या रूपाने आहे. ओळखीच्या इमारतीचा क्रमांक घालून एक दस्त शोधता येतो, एका विभागाचे चित्र मात्र कोणास दिसत नाही. भारतीय रिझर्व्ह बँक नोंदणी खात्यांच्याच आकड्यांवरून काही शहरांचा घरकिंमत निर्देशांक प्रसिद्ध करते, पण साऱ्या मुंबईचा एक आकडा कांदिवलीत घर घेणाऱ्यास काय सांगणार? इंग्लंड व वेल्समध्ये १९९५ पासूनच्या घरविक्रीची नोंदलेली किंमत पत्त्यासह कोणासही विनामूल्य पाहता येते, आणि जर्मनीतील शहरे आपापल्या भाड्यांचे तक्ते प्रसिद्ध करतात. आमचे मागणे याहून पुष्कळ लहान आहे. आपला तक्ता ज्या मूल्यविभागांत विभागलेला आहे त्याच विभागांनुसार, गतवर्षात नोंदलेल्या विक्रीपैकी क्रमाने लावले असता मधोमध येणारा दर, नोंदलेल्या दस्तांची संख्या, आणि त्याच विभागातील मधोमधचे भाडे, एवढे तीन रकाने वाढवावेत. त्यातही विकासकाने केलेली पहिली विक्री आणि मालकाने केलेली पुनर्विक्री यांचे दर निरनिराळे दाखवावेत, ही विनंती आग्रहाची आहे. कारण जाहिरातीत दिसतो तो विकासकाचा भाव, आणि गुंतवणूकदाराच्या हाती शेवटी येणार तो पुनर्विक्रीचा. या दोन आकड्यांतील अंतर एकदा छापले गेले, की गृहप्रदर्शनांतील पुष्कळसे वक्तृत्व आपोआप थंडावेल. दस्तांच्या संख्येवरून बाजार वाहता आहे की साचलेला, हे समजेल. भाड्यावरून शेकडा किती सुटते, हे कोणताही शाळामास्तर काढील.

आक्षेप येतील, ते मला दिसतात. दस्तातील किंमत खरी नसते, काही रक्कम टेबलाखालून जाते, असे म्हटले जाईल. काही व्यवहारांत ते खरे आहे, विशेषतः जमिनीच्या. पण बँकेच्या कर्जाने घेतलेल्या सदनिकेत त्यास वाव कमी, भाडेकरारात त्याहून कमी, आणि मधोमधचा आकडा घेतल्याने टोकाच्या खोट्या आकड्यांचा प्रभावही घटतो. जुन्या दस्तांत क्षेत्रफळ कोठे चटई, कोठे बांधीव, कोठे ‘सुपर बिल्टअप’ नावाचे काल्पनिक, असा घोळ आहे, हेही खरे. म्हणून स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्र सक्तीचे केल्यानंतरचे, म्हणजे मे २०१७ नंतर नोंदलेल्या प्रकल्पांचेच दस्त आरंभी घ्यावेत. नावे व पत्ते उघड होतील, ही भीती निराधार आहे, कारण आम्ही ती मागतच नाही. एक फायदा मात्र खात्याचाही आहे: काही भागांत बाजारभाव आपल्या तक्त्याच्या खाली असतो, तेथे जादा शुल्क तर भरावे लागतेच, शिवाय फरक दहा टक्क्यांपलीकडे गेल्यास घेणारा आणि विकणारा या दोघांवर न मिळालेल्या पैशाचा आयकर बसू शकतो, प्रत्यक्ष दर शेजारीच छापला गेला तर तक्ता कोठे चुकतो ते आपणांसच प्रथम दिसेल आणि मूल्यनिर्धारणाच्या तक्रारींचा ओघ कमी होईल.

साऱ्या राज्याचे काम एका वर्षात होणार नाही, हे मान्य आहे. म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की येत्या १ एप्रिलच्या तक्त्यासोबत, प्रयोग म्हणून, आपल्या मुख्यालयाच्या दारातल्या हवेली तालुक्यापुरते तरी हे तीन रकाने छापण्याचा आदेश आपण द्यावा. दस्त आम्हीच नोंदविलेले आहेत आणि त्यांचे शुल्क आम्ही अगोदर भरलेले आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
पुण्यातील एक मिळकतधारक